फोटोतले दाणे आणि पानावरचे ठिपके



दाणा म्हटला की आपल्याला आनंद होतो. ज्वारीच्या कणसात दाणा भरला, सोयाबीनच्या शेंगेत दाणा टपोरा झाला, की कष्टाचे चीज झाले असे आपण मानतो. पण एक दाणा असा आहे की तो दिसला म्हणजे काम बिघडले. तो म्हणजे फोटोतला दाणा. मोबाईलने किंवा डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढावा, तो मोठा करून पाहावा, तर सगळीकडे रवा सांडल्यासारखे बारीक रंगीत कण दिसतात. पान कोठे संपले आणि माती कोठे सुरू झाली हेच कळत नाही. आज या दाण्याविषयी बोलावयाचे आहे.

शेतीच्या पानावर कॅमेऱ्याची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण आता फोटो हे शेतीचे एक कागदपत्रच झाले आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतातील पिकाचा फोटो आपणच काढून नोंद करू लागलो. गारपीट झाली, ओढ्याचे पाणी शेतात शिरले, तर नुकसान दाखवायला फोटो लागतो. आणि पानावर काही वेगळे दिसले की आपण पहिल्यांदा फोटो काढून कोणा जाणत्याला पाठवतो. माझ्याकडे असे फोटो रोज येतात. त्यांतला एक फोटो मी अजून विसरलो नाही, कारण त्यात चूक माझी झाली होती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपदाचे दिवस होते. वसमत तालुक्यातील एका हळद उत्पादकाने रात्री साडेनऊच्या सुमारास मला फोटो पाठवला. वीज रात्रीची होती, म्हणून ते मोटार सुरू करायला शेतात गेले होते. खोलगट कोपऱ्यातली हळद पिवळी पडलेली दिसली. एका हातात बॅटरी, एका हातात मोबाईल, आणि चिखलात पाय घालायला नको म्हणून बांधावरूनच त्यांनी फोटो मोठा करून घेतला. मी तो घरी दिव्याखाली पाहिला. पाने पिवळी आणि त्यांवर सगळीकडे तपकिरी बारीक ठिपके. मला वाटले, करपा. मी करप्याची फवारणी सांगितली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ती केली.

आठ दिवसांनी मी त्या शेतात गेलो. पाने उलटसुलट करून पाहिली, तर ठिपका एकही नव्हता. फोटोत मला जे ठिपके वाटले, ते कॅमेऱ्याचे दाणे होते. पिवळेपणा खालच्या पानांच्या कडांपासून सुरू झाला होता. एक फुटवा धरून ओढला तो अलगद हातात आला. बुडाशी मऊ, काळपट, आणि वास येणारा. ती कंदकूज होती. साचलेले पाणी चर काढून बाहेर काढणे आणि मुळाशी आळवणी करणे, हा तिचा पहिला उपाय. आम्ही मात्र औषध पानांवर मारून बसलो होतो. फवारणीचा खर्च गेला तो गेलाच, पण आठ दिवसांत कूज शेजारच्या गादीवाफ्यांत पसरली. हळद हे आठ-नऊ महिन्यांचे पीक. भाद्रपदात गेलेला कंद त्या वर्षी पुन्हा लावता येत नाही. त्या शेतकऱ्याने मला बोल लावला नाही. पण फोटो नीट नाही, उद्या सकाळी पुन्हा काढून पाठवा, एवढे एक वाक्य मी त्या रात्री बोलायला हवे होते.

तेव्हापासून मी या दाण्यांचा पाठपुरावा केला. ते कोठून येतात हे कळले की उपाय आपोआप सुचतात.

कॅमेऱ्याच्या भिंगामागे बोटाच्या नखाएवढी एक पट्टी असते. तिला सेन्सर म्हणतात. या पट्टीवर लाखो बारीक खाने असतात आणि प्रत्येक खान्यात पडणारा उजेड मोजला जातो. समजा, आपण अंगणात शंभर वाट्या मांडल्या आणि पावसाची भुरभुर दोन मिनिटे येऊन गेली. एका वाटीत सहा थेंब, शेजारच्या वाटीत बारा. पाऊस सगळीकडे सारखाच पडला, पण वाट्या तसे सांगत नाहीत. तोच पाऊस रात्रभर पडला, तर सगळ्या वाट्या जवळजवळ सारख्या भरतील. उजेडही असाच कणाकणांनी पडतो. एका खान्यात सरासरी 9 कण पडत असतील तर त्यांत सुमारे 3 चा फरक सहज पडतो, म्हणजे तिसरा हिस्सा. सरासरी 10,000 कण पडत असतील तर फरक सुमारे 100 चा, म्हणजे शंभरात एक. तो डोळ्याला दिसत नाही. थोडक्यात, उजेड कमी तेथे खान्याखान्यांत तफावत जास्त, आणि ती तफावत म्हणजेच फोटोतले दाणे.

यावर कॅमेरा आणखी एक गोष्ट करतो. अंधारात फोटो काळा येऊ नये म्हणून आलेला थोडासा उजेड तो आतल्या आत वाढवून दाखवतो. आकाशवाणीचे परभणी केंद्र नीट लागत नसताना आवाज मोठा केला तर बातम्यांबरोबर खरखरही वाढते, तसाच हा प्रकार. कॅमेऱ्यावर ‘आयएसओ’ असे लिहून पुढे 100, 200, 400, 800, 1600 असे आकडे असतात. आकडा मोठा, तितका आवाज मोठा. उन्हात 100 किंवा 200 पुरतो. रात्री मोबाईल आपल्याला न विचारता तो हजाराच्या वर नेऊन ठेवतो.

येथे दुकानदाराच्या एका बोलण्याविषयी सावध करतो. ‘हा इतक्या मेगापिक्सेलचा आहे’ असे तो सांगतो. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख खाने. 1975 साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्यात शंभर गुणिले शंभर, म्हणजे अवघे दहा हजार खाने होते, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. आज साध्या मोबाईलमध्येही कोटीच्या घरात खाने असतात. पण पट्टी तेवढीच ठेवून खाने वाढवले की प्रत्येक खाना लहान होतो आणि त्याच्या वाट्याला उजेड कमी येतो. म्हणून केवळ आकडा पाहून मोबाईल घेऊ नये. दुकानाच्या आतल्या, कमी उजेडाच्या कोपऱ्यात एक फोटो काढून तो मोठा करून पाहावा आणि मग पैसे मोजावेत.

आता निदान. पिकाप्रमाणे फोटोचाही रोग आधी ओळखावा. सगळीकडे, विशेषतः सावलीच्या भागात, रव्यासारखे कण दिसले तर तो दाणा. कारण कमी उजेड. फोटो धुक्यातून काढल्यासारखा दिसला तर भिंग मळले आहे; आपल्याकडे हळदीची भुकटी, फवाऱ्याचे तुषार आणि घाम यांनी ते हमखास मळते. कडा एका दिशेने ओढल्यासारख्या दिसल्या तर हात हलला किंवा पान वाऱ्याने हलले. बारीक चौकोनी तुकडे दिसले तर फोटो व्हॉट्सॲपवरून फिरताना दाबून लहान केला गेला आहे. यांपैकी प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

मुख्य उपाय एकच, आणि तो फुकट आहे: उजेड. रोगट पानाचा फोटो शक्यतो सकाळी आठ ते दहा किंवा दुपारी चार ते पाच या वेळात काढावा. भर दुपारी पान चकाकते आणि ठिपक्यांचा रंग उडाल्यासारखा दिसतो. तेव्हा काढावाच लागला तर स्वतःच्या अंगाची किंवा छत्रीची सावली पानावर धरावी. सूर्य आपल्या पाठीशी असावा. मागे उजळ आभाळ असेल तर कॅमेरा आभाळाला भुलतो आणि पान काळे करतो. मग ते काळे पान उजळ करायला जावे तर दाणे वर येतात. म्हणून पानामागे आपला तळहात किंवा मळकट रंगाचा कागद धरावा, आणि पडद्यावर जेथे पान दिसते तेथे बोट टेकवावे. त्या जागेचा उजेड आणि स्पष्टपणा कॅमेरा धरून घेतो.

दुसरी गोष्ट, बांधावरून फोटो मोठा करून घेऊ नये. साध्या मोबाईलमध्ये दोन बोटांनी चित्र ताणले की कॅमेरा जवळ जात नाही. तो मधला तुकडा कापून तेवढाच फुगवतो, आणि त्याबरोबर दाणेही फुगतात. चिखल असला तरी आत जावे. पानापासून साधारण एक वीत अंतर ठेवावे. त्याहून जवळ गेल्यास चित्र धूसर होते. तसे झाले तर थोडे मागे सरावे.

तिसरी गोष्ट, फोटो काढण्यापूर्वी भिंग पुसावे. आधी फुंकर मारून धूळ उडवावी, कारण मातीचा कण कापडाखाली सापडला तर काचेवर ओरखडा येतो. मग धुतलेल्या मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसावे. फवारणीचा रुमाल यासाठी वापरू नये.

चौथी गोष्ट, हात स्थिर असावा. कोपर पोटाशी टेकवावे, नाहीतर मोबाईल खुंटीला किंवा फावड्याच्या दांड्याला टेकवावा. घरात जुना डिजिटल कॅमेरा असेल तर तो एखाद्या पेटीवर ठेवून दोन सेकंदांच्या टायमरने फोटो काढावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का लागत नाही आणि आयएसओ 100 किंवा 200 वर ठेवता येतो. नव्या मोबाईलमध्ये रात्रीच्या फोटोची वेगळी सोय असते. तीत कॅमेरा लागोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतो. चार फोटो एकत्र केले तर दाणे निम्मे होतात, नऊ केले तर तिसऱ्या हिश्श्यावर येतात. पण त्या दोन-चार सेकंदांत पान हलता कामा नये. रात्री फोटो काढणे भागच असेल तर दुसऱ्याला बॅटरी बाजूने धरायला सांगावे. समोरून झगझगीत उजेड पडला की पान पांढरे होते.

पाचवी गोष्ट, फोटो मूळ प्रतीतच पाठवावा. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो दाबला जात नाही. फोटोचा फोटो, किंवा चार गटांतून फिरून आलेली प्रत, सल्ल्यासाठी पाठवू नये.

आता आपण विचाराल, काढलेला फोटो दाणेदार आलाच आहे, तो दुरुस्त होतो का? होतो, पण काही मर्यादेपर्यंत. मोबाईलमध्ये आणि संगणकावर दाणे कमी करण्याची सोय मिळते. तिला ‘नॉइज रिडक्शन’ म्हणतात. ती प्रत्येक खान्याची शेजारच्या खान्यांशी सरासरी काढून तफावत पुसते. पण वखराला जसे तण आणि उगवते पीक यांतला भेद कळत नाही, तसे या सोयीला दाणा आणि ठिपका यांतला भेद नीट कळत नाही. जोराने फिरवली तर फुलकिड्यांनी ओरबाडलेल्या खुणा, करप्याच्या ठिपक्यातली करडी वर्तुळे, पानांच्या शिरा, सगळेच गुळगुळीत होऊन जाते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हळदीची नवी पाने पिवळी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची कमतरता समजावी. शिराच पुसल्या गेल्या तर ओळखायचे कशावरून? म्हणून ही सोय वापरलीच तर थोडी वापरावी, मूळ फोटो जपून ठेवावा आणि सल्ल्यासाठी मूळ फोटोच पाठवावा.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो लख्ख करून देणारी साधने आली आहेत. ती दिसायला छान काम करतात. पण जे फोटोत नव्हते ते ती अंदाजाने रेखाटतात. पानावर नसलेला ठिपका उमटू शकतो, असलेला जाऊ शकतो. पिकाच्या रोगासाठी आणि नुकसानीच्या पुराव्यासाठी असा फोटो कधीही वापरू नये. पुरावा म्हणून द्यायच्या फोटोत आपण काही फेरफार केला असे दिसले तर खरे नुकसानही खोटे ठरायचे. नुकसानभरपाईचे आणि विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, ते त्या त्या वेळी विचारून घ्यावेत. नियम कोणतेही असोत, दिवसाउजेडी काढलेला, न बदललेला, तारीख-वेळ असलेला फोटो कामी येतो. ई-पीक पाहणीचा फोटो तर शेतात उभे राहूनच काढावा लागतो. तो तेथेच मोठा करून पाहावा, आणि पीक ओळखू येत नसेल तर नोंद पुढे पाठवण्यापूर्वी लगेच दुसरा काढावा.

सल्ल्यासाठी एक फोटो पुरत नाही, चार लागतात. पहिला, रोग शेतात कोठे आहे, खोलगट भागात की सगळीकडे, हे दाखवणारा दूरचा. दुसरा, पूर्ण झाडाचा. तिसरा, पानाचा, वरून आणि खालून. चौथा, झाड उपटून बुडाचा आणि कापलेल्या कंदाचा किंवा मुळांचा. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे ठिपक्याचा आकार कळतो. सोबत लावणीची तारीख, वाण, शेवटचे पाणी आणि शेवटची फवारणी लिहून कळवावी. त्या रात्री माझ्याकडे हा चौथा फोटो असता तर निदान चुकले नसते.

आणि फोटो कितीही चांगला असला तरी तो दुरून आलेला निरोप आहे. शंका राहिली तर रोगट झाड मुळासकट, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून घेऊन जावे. आपल्या जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यात तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आहे. 1972 साली स्थापन झालेले आपले कृषी विद्यापीठ परभणीला, म्हणजे वसमतकरांना जवळच आहे. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाला जपणारा कंद जमिनीत निरोगी राहिला पाहिजे, आणि त्यासाठी एका एस. टी. च्या तिकिटाचा खर्च जास्त नाही.

शेवटी घरातली एक गोष्ट सांगतो. आमच्या नात्यात एक आजी वारल्या. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर एकही नाही. एका लग्नात रात्रीच्या मांडवात काढलेल्या फोटोत त्या कोपऱ्यात बसलेल्या सापडल्या. मुलांनी तेवढाच तुकडा कापून भिंतीएवढा मोठा करून आणला. दाणे फार दिसत होते म्हणून ते पुसून घेतले. दाण्यांबरोबर कपाळावरचे गोंदण गेले, सुरकुत्या गेल्या, चेहरा मेणाचा झाला. लेक म्हणाली, “ही आमची आई नाही.” मग मूळ फोटोवरून पुन्हा प्रत काढली. काळी-पांढरी केली, म्हणजे रंगीत कण निघून गेले. आकार पोस्टकार्डाएवढाच ठेवला, कारण चित्र लहान केले की शेजारचे खाने एकत्र होतात आणि दाणे दबतात. थोडे दाणे राहिले, पण गोंदण दिसू लागले. तोच फोटो आज त्यांच्या देवघराशेजारी आहे.

घरोघरी दाणेदार फोटो असतील, ते याच रीतीने जपावेत. पण त्याआधी एक काम करावे. उद्या सकाळी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ओसरीच्या कडेला, तोंड उजेडाकडे करून बसवावे. मोबाईलचे भिंग पुसावे, एक पाऊल जवळ जावे आणि एक फोटो काढून ठेवावा. मग शेतात जाऊन हळदीच्या खोलगट कोपऱ्यातला एक फुटवा ओढून पाहावा.